गारपिटीची पूर्वसूचना आणि प्राथमिक शाळा

वर्धा जिल्ह्यात हिम पडत नाही. थंडी मात्र चांगली पडते. २९ डिसेंबर २०१८ रोजी शेजारच्या नागपूर येथे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. तरीही आकाशातून बर्फाचा एक कण खाली आला नाही. याउलट माघ-फाल्गुनात, सकाळी घातलेला स्वेटर दुपारी काढून ठेवावा लागतो अशा एखाद्या दिवशी, आभाळ एकाएकी काळवंडते, वारा सुटतो आणि पाच-दहा मिनिटांत शाळेचे अंगण पांढरे होऊन जाते. पाठ्यपुस्तकात हिमवादळाचे चित्र पाहिलेल्या मुलाच्या तोंडी मग हमखास एक प्रश्न येतो : कडाक्याच्या थंडीत बर्फ पडला नाही, तो आज उकडत असताना कसा पडला? प्रश्न उत्तम आहे व शिक्षकाने तो टाळू नये. गारपिटीची सूचना इतकी अनिश्चित का असते आणि तशी असूनही ती का मानावी, हे त्याच्याच उत्तरातून उलगडत जाते.

जमिनीपासून जसजसे वर जावे तसतशी हवा थंड होत जाते. सरासरीने प्रत्येक किलोमीटरला सुमारे साडेसहा अंश तापमान उतरते. दुपारी जमिनीजवळ २६ अंश तापमान असेल तर शून्य अंशाची पातळी किती उंचीवर लागेल, हा भागाकार सातवीचा विद्यार्थी सहज करील. उत्तर चार किलोमीटर येते. त्या पातळीच्या वर ढगांत बर्फ आपल्याकडेही असतोच, अगदी चैत्र-वैशाखातील वळवाच्या ढगातही असतो. अडचण खाली उतरण्याची आहे. हिमाचे पिसासारखे हलके कण सेकंदाला साधारण एक मीटर या गतीने उतरतात. चार किलोमीटर उतरण्यास त्यांना तासाहून अधिक वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात खालची ऊबदार हवा त्यांचे पाणी करून टाकते. काश्मीर किंवा हिमाचल प्रदेशात जमीनच शून्य अंशाच्या जवळपास असते, म्हणून तेथे ते हिमाच्या रूपातच भूमीवर टेकतात. गार मात्र जड असते. सेकंदाला वीस मीटर या गतीने येणारी गार तेच अंतर २०० सेकंदांत, म्हणजे साडेतीन मिनिटांच्या आत कापते. तिला वितळण्यास सवडच मिळत नाही. लहानसहान गारा वाटेत विरघळून टपोऱ्या थेंबांच्या रूपाने पडतात; मोठ्या तेवढ्या जमिनीपर्यंत पोचतात.

गार इतकी जड होते याचे कारण थंडीत नसून उकाड्यात आहे. जमीन तापली, हवेत ओलावा भरपूर असला आणि वरच्या थरांत कोरडी थंड हवा आली, म्हणजे खालची हवा वेगाने वर उसळते. तिच्याबरोबर पाण्याचे सूक्ष्म थेंब शून्य अंशाच्या पातळीवर ओढले जातात. तेथे गोठण्याइतकी थंडी असूनही ते लगेच गोठत नाहीत, पाण्याच्याच रूपात राहतात. उणे चाळीस अंशांच्या आसपास गेल्यावर मात्र ते आपोआप गोठतात. अशा अतिथंड थेंबांच्या गर्दीत बर्फाचा एखादा कण सापडला की थेंब त्याच्यावर आदळून तत्काळ गोठतात व कणाची गोळी होते. वर चढणारा झोत जितका जोरकस, तितका अधिक वेळ ती गोळी तोलली जाते आणि तितकी ती मोठी होते. वजन झोताला पेलेनासे झाले की ती खाली येते. हिवाळा सरता सरता, दुपारी तीननंतर, ऊन तापून गेल्यावर गारांचे ढग उभे राहताना दिसतात ते यामुळेच.

आता हा ओलावा व ही वरची थंड हवा येते कोठून? भूमध्य समुद्राच्या परिसरात उगम पावणारे पश्चिमी विक्षोभ इराण-अफगाणिस्तानमार्गे पूर्वेकडे सरकत हिमालयापर्यंत येतात. काश्मीर-हिमाचलात हिवाळ्यात जे हिम पडते, ते मुख्यत्वे त्यांच्यामुळे. एखाद्या विक्षोभाचा प्रभाव दक्षिणेकडे मध्य भारतापर्यंत पसरला आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारे विदर्भात शिरले, तर दोहोंची गाठ येथे पडते. म्हणजे ज्या हवेच्या घडामोडीने पहलगामला हिमवर्षाव होतो, तिच्याच एका टोकाने आर्वी-आष्टीच्या संत्र्याच्या बागा झोडपल्या जाऊ शकतात. भूगोलाच्या तासाला नकाशावर ही वाट बोटाने दाखवावी. मुलांना ती एकदा दिसली की विसरत नाही.

या वाटेमुळेच हवामानशास्त्रज्ञास एक गोष्ट फार आधी कळते व दुसरी फार उशिरा. विक्षोभ येत आहे, दमट वारे सुटणार आहेत, विदर्भात मेघगर्जनेस व गारांस अनुकूल स्थिती होणार आहे, एवढे तीन-चार दिवस आधी सांगता येते. परंतु गारांचा ढग प्रत्यक्षात कोठे उभा राहील, हे तो उभा राहू लागेपर्यंत कोणालाच सांगता येत नाही. गारांचा पट्टा बहुधा काही किलोमीटरच रुंद असतो. लांबीला तो दहा-वीस किलोमीटर वा अधिक भरतो. एका शिवारातील हरभरा पार झडून जातो आणि नाल्यापलीकडच्या शिवारात दोन थेंब पडतात, हे जिल्ह्यातील शेतकऱ्यास सांगावयास नको. ढग तयार झाला म्हणजे नागपूरच्या डॉप्लर रडारवर तो दिसतो व त्यावरून पुढील तीन तासांपुरता तातडीचा इशारा दिला जातो. तोवर मात्र संपूर्ण जिल्ह्यासाठी एकच वाक्य हाती असते : तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता.

या वाक्यातील प्रत्येक शब्द मोजून वापरलेला असतो. वाचणारा तो मोजून वाचत नाही. ‘तुरळक ठिकाणी’ याचा भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या परिभाषेत अर्थ असा की त्या क्षेत्रातील एकचतुर्थांशापर्यंतच्या निरीक्षणस्थानांवर ती घटना घडणे अपेक्षित आहे. ‘काही ठिकाणी’ म्हटले तर निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हटले तर तीनचतुर्थांशांपर्यंत. तेव्हा गारपीट ‘तुरळक ठिकाणी’ सांगितली असता बहुसंख्य गावांत ती होणार नाही, हे त्या सूचनेतच अभिप्रेत आहे. रंगांचेही तसेच. हिरवा रंग इशारा नसल्याचा, पिवळा लक्ष ठेवण्याचा, नारिंगी तयारीत राहण्याचा आणि लाल प्रत्यक्ष कृती करण्याचा. पिवळा रंग पाहून घाबरणे जसे गैर, तसे पिवळाच आहे म्हणून आभाळाकडे न पाहणेही गैर.

गावात याचा निवाडा मात्र वेगळ्याच रीतीने होतो. इशारा येतो, गाव वाट पाहते, आपल्या गावी ऊन लख्ख राहते. दुसऱ्या दिवशी पारावर ‘हवामान खात्याचे खोटे ठरले’ असा निकाल लागतो. पंधरा किलोमीटरवरील गावात गहू आडवा झाला असेल तर ते या निकालात धरले जात नाही. असे दोन-तीन निकाल लागले की चौथा इशारा कोणी वाचतही नाही, आणि जे नुकसान व्हावयाचे ते नेमके त्या दिवशी होते. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात गारपिटीचे सत्रच चालले होते; फेब्रुवारी २०१८ च्या दुसऱ्या आठवड्यात मराठवाडा व विदर्भ यांस पुन्हा तडाखा बसला. दोन्ही वेळा हरभरा, गहू व फळबागा यांची हानी झाली. गारांनी माणसे दगावत नाहीत हा समजही बरोबर नाही. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर भारतात मुरादाबादजवळ झालेल्या गारपिटीत २४६ माणसे मृत्यू पावली. गारांमुळे झालेल्या मनुष्यहानीची एवढी मोठी दुसरी नोंद जागतिक हवामान संघटनेकडे नाही.

अंदाज खरा की खोटा हे ठरविण्यासही एक रीत लागते. वरच्या वर्गात गणिताच्या तासाला घेता येईल असे एक जुने उदाहरण आहे. १८८४ मध्ये अमेरिकेत जॉन फिनले यांनी चक्री वादळांचे अंदाज वर्तविले. एकूण अंदाज २८०३. त्यांपैकी ‘वादळ होईल’ असे १०० वेळा सांगितले. २८ वेळा ते झाले, ७२ वेळा झाले नाही. ‘होणार नाही’ असे २७०३ वेळा सांगितले. त्यांत २३ वेळा वादळ झाले, २६८० वेळा झाले नाही. बरोबर ठरलेले अंदाज २८ अधिक २६८०, म्हणजे शेकडा ९६.६. हा आकडा मोठा स्पृहणीय वाटला. तथापि त्याच वर्षी टीकाकारांनी दाखवून दिले की डोळे मिटून रोज ‘वादळ होणार नाही’ असे म्हणत बसणारा मनुष्य शेकडा ९८.२ वेळा बरोबर ठरला असता! त्या मनुष्याने एकाही माणसास एकाही वादळाची सूचना दिली नसती, ही गोष्ट वेगळी. फिनले यांनी एकूण ५१ वादळांपैकी २८ वादळांची सूचना दिली होती. क्वचित घडणाऱ्या घटनेबाबत नुसता ‘शेकडा किती बरोबर’ हा हिशेब फसवा असतो, हे मुलांकडून फळ्यावर ही आकडेमोड करवून घेतली म्हणजे वेगळे सांगावे लागत नाही.

मग अनिश्चित सूचनेवर वागावे कसे? सूचना किती खात्रीची आहे एवढेच पाहून भागत नाही. तिच्यावरून जी कृती करावयाची तिचा खर्च काय आणि न केल्यास हानी काय, हेही तोलावे लागते. समजा, खळ्यावर हरभऱ्याची गंजी आहे. तिच्यावर ताडपत्री टाकून ती दोरांनी बांधण्यास ३०० रुपयांचे श्रम पडतात आणि गंजी भिजली तर २०,००० रुपयांचे नुकसान होते. वीस इशाऱ्यांपैकी एकोणीस फुकट गेले तरी वीस वेळा झाकण्याचा खर्च ६,००० रुपये; एका वेळी वाचलेला माल २०,००० रुपयांचा. येथे अगदी अंधूक इशाराही मानणे फायद्याचे आहे. उलट त्याच इशाऱ्यावरून घाट्यांत दाणा न भरलेला हरभरा उपटून टाकला, तर नुकसान निश्चित पदरात पडते आणि गारा तर कदाचित येणारही नाहीत. सूचना एकच, पण एक कृती शहाणपणाची व दुसरी उतावळेपणाची. हरभरा, गहू, उशिराची तूर, झाडावर तोडणीस आलेला मृग बहार आणि नुकताच फुललेला आंबिया बहार या प्रत्येकाचा हिशेब वेगळा निघेल. मुलांनी तो घरी वडीलधाऱ्यांस विचारून वहीत मांडून आणावा. पुस्तकातील व्याजाच्या उदाहरणांपेक्षा ही उदाहरणे ती अधिक मनापासून सोडवितात.

शाळेपुढील प्रश्न पिकापेक्षा नाजूक आहे, कारण येथे तोलावयाची आहेत ती मुले. संकट क्वचित येते अशा प्रदेशात त्याचा मुकाबला करताना कोठे चूक होते, हे अमेरिकेतील अटलांटा शहरात २८ जानेवारी २०१४ रोजी जे घडले त्यावरून ध्यानी येईल. ते शहर दक्षिणेकडील, सौम्य हवेचे; तेथे हिम क्वचितच पडते. आदल्या दिवसापर्यंत हिमाचा मुख्य भर शहराच्या दक्षिणेस राहील असा अंदाज होता. पहाटे इशारा वाढविण्यात आला, पण तोवर दिवसाची आखणी होऊन गेली होती. शाळा व कचेऱ्या नेहमीप्रमाणे भरल्या. हिम पडू लागल्यावर दुपारी शाळा, कचेऱ्या, दुकाने सर्व एकाच वेळी सुटली. हिम पडले ते अवघे सहा-सात सेंटिमीटर. परंतु रस्त्यांवर बर्फ जमला, वाहने जागच्या जागी अडकली आणि हजारो मुलांना ती रात्र शाळांच्या इमारतींत काढावी लागली. काही मुले तर कित्येक तास बसगाड्यांतच अडकून पडली. शाळेत थांबलेली मुले निदान छपराखाली तरी होती. वाटेत अडकलेल्यांचे हाल अधिक झाले.

वर्धा जिल्ह्यात गारांचा धोका तासाभराचा असतो, रात्रभराचा नव्हे. पण चूक होण्याची जागा तीच आहे. आभाळ भरून आले की मुले लवकर घरी पाठवावीत, अशी शिक्षकाची सहज प्रवृत्ती असते. हेतू चांगला असतो. तथापि ढग डोक्यावर आल्यानंतर सोडलेली मुले वादळात नेमकी रस्त्यावर सापडतात, आणि शेजारच्या गावाहून पायी वा सायकलने येणाऱ्यांस तर वाटेत आसराही नसतो. यास्तव निर्णय दोनच वेळी घ्यावा : ढग दूर असताना, किंवा तो निघून गेल्यावर. मधल्या वेळात मुले शाळेतच ठेवावीत, घंटेची वेळ झाली असली तरीही. इशाऱ्याच्या दिवशी मुलांना थांबवून घेतले जाईल हे पालकांस आधीच, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत, सांगून ठेवले म्हणजे आयत्या वेळी कोणी धावत-पळत मुलास न्यावयास येणार नाही. नुसत्या पिवळ्या इशाऱ्यावरून सुटी देण्याचे मात्र कारण नाही. अशा सुट्यांनी अभ्यास बुडतो आणि इशाऱ्याची किंमतही उतरते.

ढग दूर आहे की जवळ, हे मुलांनाही मोजता येते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत; तीन सेकंदांस एक किलोमीटर. मोजणी तिसाच्या आत आली की वीज दहा किलोमीटरच्या आत पडत आहे, तेव्हा मैदान सोडून सर्वांनी आत यावे व शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनीवरील साधन जवळपासच्या विजेची सूचना देते. एका शिक्षकाच्या भ्रमणध्वनीवर ते असावे. तरी मोजण्याची सवय सोडू नये, कारण ऐन वादळात जाळे मिळेलच असे नाही.

कोणत्या खोलीत मुले बसवावयाची हे पौष महिन्यातच ठरवून ठेवावे. स्लॅबची खोली उत्तम. टिनाच्या छपराखाली गारांचा आवाज इतका भयंकर होतो की लहान मुले भेदरतात. कवेलू तर मोठ्या गारेने फुटतात व त्यांचे तुकडे खाली येतात. लिंबाएवढी गार ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटर गतीने येते, हे लक्षात असू द्यावे. खिडक्यांपासून मुले दूर बसवावीत. वाटेत सापडलेल्या मुलाने काय करावे हेही शिकवून ठेवणे अवश्य आहे : पक्क्या घराचा वा मंदिराचा आसरा जवळ असेल तर गाठावा, नसेल तर दप्तर डोक्यावर घेऊन उकिडवे बसावे, पण एकट्या झाडाखाली जाऊ नये. गारेपासून वाचविणारे झाडच विजेला बोलाविते. हे शब्दांनी सांगून भागत नाही. एकदा अंगणात प्रत्यक्ष करवून घ्यावे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून ज्या नयी तालीमचा उगम झाला, तिचा आग्रह भोवतालच्या जीवनातून ज्ञान देण्याचा होता. तिच्या जिल्ह्यात तरी हवामानाचा धडा केवळ पुस्तकातून शिकविला जाऊ नये. एका वहीत चार रकाने आखावेत : इशारा होता व गारा पडल्या, इशारा होता, पडल्या नाहीत, इशारा नव्हता, पडल्या, नव्हता व पडल्याही नाहीत. डिसेंबरपासून मार्चअखेर रोज एका मुलाने नोंद करावी. नोंद आपल्या गावापुरती न ठेवता तालुक्यातील दुसऱ्या चार-पाच शाळांकडून विचारून घ्यावी. समुद्रपूरच्या शाळेने सेलूच्या शाळेस विचारले तर आणखी बरे. तीन-चार हंगामांनंतर या वहीतून जे कळेल, ते पारावरील निकालाहून निश्चितच वेगळे असेल. गारा पडल्याच तर वेळ, गाव, किती मिनिटे पडल्या आणि हरभरा, बोर, लिंबू यांपैकी कशाएवढ्या होत्या, हे लिहावे. वादळ पुरते गेल्यावर एक मोठी गार उचलून सुरीने मधोमध कापावी. आत पांढरी व काचेसारखी अशी आळीपाळीने वलये दिसतात. ढगात निरनिराळ्या स्थितीत तिच्यावर पाणी कसे गोठत गेले, ते त्यांवरून समजते. वलये मोजण्यास मुलांना दोन-तीन मिनिटेच मिळतात, तेव्हा सुरी व पाटी आधीच हाताशी ठेवावी.